दहावी, हप्त्याहप्त्यानं

16 जून

आज गल्लीतल्या पोरांच्या शाळा सुरू झाल्या. रिक्षामामांनी जुन्या सवयीनं आमच्या दारात हॉर्न मारला, मग त्यांनाच आठवलं असावं, रिक्षा तशीच पुढं गेली. गेल्या वर्षी याच हॉर्नला चिरंजीव न्हाणीत कडी लावून बसायचे. पोट दुखतंय म्हणायचा आणि खरंच दुखायचं, नाटक नव्हतं. सोनोग्राफी झाली, रक्त तपासून झालं, काहीच निघालं नाही. रविवारी आणि सुट्टीत पोट कधीच दुखत नाही, हे सगळ्यात आधी ध्यानात आलं ते सासूबाईंच्या. शाळेत नेमकं काय झालं ते त्यानं समुपदेशक बाईंना सांगितलं, थोडं आम्हाला. ते इथं लिहीत नाही, ते त्याचं आहे. नववी पार पडली, मार्कही बरे पडले. दहावीला मात्र वर्गात बसायचं नाही, हे मे महिन्यात आम्ही तिघांनी मिळून ठरवलं.

ठरवणं एक वेळ सोपं, लोकांना सांगणं अवघड. आपल्याकडं दहावीचं पोर घरात असलं की टीव्हीचं कनेक्शन बंद, पाहुणे बंद, लग्नाकार्याला आई-बापातलं एकच कोणीतरी जाऊन येणार. ‘यंदा दहावी ना?’ हा प्रश्न नाही, तो नमस्कार आहे. त्यावर ‘हो, पण घरीच करतोय’ म्हटलं की समोरच्याला पुढं काय बोलावं ते सुचत नाही. एक बाई तर भाजी मंडईत माझा हात धरून हळूच म्हणाल्या, ‘होईल हो बरा.’

कोल्हापुरातल्या आमच्या मंगळवार पेठेत ज्याला विचारावं तो 17 नंबरचा फॉर्म भरा म्हणतो. तो रस्ता आहेच. खासगी विद्यार्थी म्हणून राज्य मंडळाच्याच परीक्षेला बसायचं. पण परीक्षा तीच, फेब्रुवारी-मार्चचे दिवस तेच, सगळे विषय एका दमात. राज्याचं स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळही आहे. आम्ही घेतलं ते एनआयओएस, केंद्र सरकारची मुक्त शाळा. पुस्तकं मराठीतून मिळतात. विषय पाच, त्यात एक तरी भाषा. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. एकदा नाव नोंदवलं की ते 5 वर्षं चालतं, तेवढ्यात परीक्षेच्या 9 संधी. एका वेळी जेवढे झेपतील तेवढेच विषय द्यायचे आणि सुटलेला विषय सुटला, परत द्यावा लागत नाही. मराठी, इंग्रजी, गणित, विज्ञान आणि चित्रकला असे पाच विषय त्यानंच निवडले.

मी पतसंस्थेत नोकरी करते. एकरकमी झेपत नाही म्हणून माणसं हप्ते पाडून घेतात आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. दहावीचे हप्ते पाडलेले मात्र कोणाला खपत नाहीत. सासूबाईंचा पहिला प्रश्न होता, ‘म्हंजे उरलेल्या इषयांत नापासच की?’

26 जून

शाहू जयंती. हे सकाळी दसरा चौकात जाऊन पुतळ्याला हार घालून आले. चहा पिताना सासूबाई म्हणाल्या, ‘आज म्हाराज असते तर तुमाला दंड झाला असता बघा.’ त्यांचं म्हणणं खोटं नाही. महाराजांनी 1917 साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा पोराला शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिन्याला 1 रुपया दंड होता. हे म्हणाले, ‘महिन्याचा रुपया, वर्षाचे बारा. शाळेच्या फीपेक्षा स्वस्तच पडतंय की.’

हसलो सगळे. पण मला ते दिवसभर टोचत राहिलं. त्या रुपयाच्या धाकानं ज्यांच्या घरात पहिली पाटी आली त्यांतलंच आमचं घर. सासूबाईंचे सासरे चौथी शिकलेले, गावातली पत्रं वाचून दाखवायचे म्हणून त्यांना मान होता. त्या घरातलं पोर आपणहून शाळेबाहेर काढायचं म्हणजे कोणाला तरी जाब देणं लागतंच. कोणाला, ते माहीत नाही.

जुलै, अखेरचा आठवडा

पाऊस नुसता कोसळतोय. या दिवसांत कोल्हापुरात माणूस उठल्यावर देवाच्या आधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतो. 39 फूट इशारा, 43 फूट धोका. 2019 आणि 2021चे पूर पाहिल्यापासून हे आकडे बारक्या पोरांनाही पाठ आहेत. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे सात. त्यातला एकेक उघडल्याची बातमी येते तशी आमच्या घरातली चर्चा वाढत जाते.

चिरंजीवांनी आलेखाच्या कागदावर आडवे तास आणि उभे फूट-इंच घेतले आणि धरणातून भोगावती नदीत पाणी सुटल्यापासून दर बातमीचा ठिपका टाकत बसला. रात्री जेवताना कागद ताटाशेजारी. ‘पाणी चढतंय, पण चढायचा वेग कमी झालाय. ही रेघ बघ, इथं उभी होती, आता आडवी पडायला लागलीय.’ मी पाहिलं तर खरंच. पातळी किती हे सगळं गाव विचारत होतं. ती कशी बदलतेय हे याच्या कागदावर होतं. त्यानं तसाच चिखलीच्या मावशीला फोन लावला, काळजीनं. प्रयाग चिखली म्हणजे पुराचं पहिलं दार. मावशी म्हणाली, ‘तुझ्या कागदाची वाट बघत बसू व्हय रं? आमी म्हशी घिऊन कवाच सोनतळीला आलोय.’

फोन ठेवून तो इतका हसला की ठसका लागला. किती महिन्यांनी.

ऑगस्ट

घरी शिकवणाऱ्या आया लिहितात, आयुष्य हीच शाळा. पुराच्या आठवड्यात मलाही तसं वाटलं होतं. पण वर्गसमीकरण पंचगंगेला पूर आल्यानं येत नाही. ते वही घेऊन, चुकत, खोडत, परत बसूनच येतं, आणि तिथं आमची रोज जुंपते. मी दुपारी कामावरून येते, चहा टाकते, तो पुस्तक उघडतो, आणि दहाव्या मिनिटाला दोघांचे आवाज चढलेले. परवा पेन आपटून म्हणाला, ‘तू आधी ठरव, आत्ता तू आई आहेस की बाई.’

गल्लीच्या टोकाला एक निवृत्त मास्तर राहतात. त्यांना विचारलं. सोप्यात बसून शिकवतो म्हणाले, अट एकच, तुम्ही तिथं थांबायचं नाही. आठवड्यातून तीनदा जातो. काय शिकवलं विचारलं तर ‘चाललंय की’ म्हणून सांगतो. वही मी बघत नाही. (एकदा बघितली. अक्षर माझ्याकडं काढतो त्यापेक्षा चांगलं होतं, याचा रागच आला.)

सप्टेंबर

यांचं पॅटर्नचं, म्हणजे ओतकामासाठी लागणाऱ्या लाकडी नमुन्यांचं वर्कशॉप उद्यमनगरात आहे. दुपारची एकटेपणाची वेळ कशी काढायची हा प्रश्न होता, म्हणून सध्या दोन तास तिकडं जातो. सकाळी दहा ते दुपारी दोन हा वेळ मी कोणालाच समजावून सांगू शकत नाही. गल्ली सुनी, मित्र शाळेत, घरात आजीची मालिका. त्या चार तासांत पोरगा वयानं मोठा होतो की लहान, कळत नाही.

वर्कशॉपमध्ये त्याला व्हर्निअर हातात दिलंय, 0.02 मिलिमीटरपर्यंत मोजणारं. बिडाचं ओतकाम थंड होताना आकसतं, म्हणून लाकडाचा पॅटर्न मुळातच मीटरला सुमारे 10 मिलिमीटर मोठा करतात, हे त्यानं मला जेवताना शिकवलं. ज्या घरात लग्न होऊन इतकी वर्षं झाली, त्या घराचं पोट ज्या धंद्यावर चालतं त्यातली ही गोष्ट मला माहीत नव्हती. यांनी कधी सांगितली नाही, मी कधी विचारली नाही. टक्केवारीच्या धड्याला याचा किती उपयोग झाला कोण जाणे. पण बापलेक आता गाडीवरून येताना बोलत येतात.

नोव्हेंबर

दिवाळीनंतर घसरगुंडी. अकरा-अकरापर्यंत उठत नाही, उठला की मोबाईल. मास्तरांकडं दोनदा दांडी. त्याचं कारण आज कळलं.

मुक्त शाळेलाही अभ्यासकेंद्र असतं आणि संपर्क वर्ग, प्रात्यक्षिकं तिथंच होतात. अभ्यासकेंद्र म्हणजे शेवटी एक शाळाच. वेगळी, लांबची, पण तेच लोखंडी फाटक, तीच घंटा, मधल्या सुट्टीचा तोच गलका. चित्रकलेच्या वर्गाला जायचं होतं. गाडी लावली. तो उतरला, फाटकाच्या गजाला हात लावला आणि तिथंच थांबला. हात गजावर, नजर जमिनीवर, मानेवर घाम. आतून कोणाची तरी पोरं धावत गेली तशी त्याची बोटं घट्ट झाली. यांनी काही न बोलता गाडीच्या डिकीतून पाण्याची बाटली काढली, अर्धी स्वतः प्यायले, अर्धी त्याला दिली. मग म्हणाले, ‘आज नुसतं ऑफिस कुठंय ते बघून येऊया. वर्गात नको.’

गेले दोघं. मी बाहेर उसाच्या रसाच्या गाड्यापाशी उभी. परत आले तेव्हा त्याच्या हातात वेळापत्रकाचा कागद होता. पुढच्या वर्गाला जाणार का, हे मी विचारलं नाही. समुपदेशक बाईंनी सांगितलंय, उत्तर नको असलेला प्रश्न विचारू नका.

पुढच्या वर्गाला गेला. फाटकापर्यंत बाप, पुढं एकटा. चित्रकलेच्या सरांनी कोल्हापूरच्या जुन्या चित्रकारांबद्दल काहीतरी सांगितलं असावं, कारण रविवारी आपणहून राजारामपुरीतलं चंद्रकांत मांडरे कलादालन बघून आला. मांडरे म्हणजे सिनेमातले एवढंच मला माहीत, त्यांची निसर्गचित्रं बघायला इतक्या वर्षांत पाऊल वळलं नव्हतं.

डिसेंबर

एप्रिलच्या परीक्षेचा फॉर्म. किती विषय टाकायचे यावरून रात्री साडेदहापर्यंत चर्चा. यांचं म्हणणं चार. सासूबाईंचं म्हणणं पाचही, ‘एकदाचा नारळ फोडून टाका.’ मी तीन म्हणत होते. पोरगा गप्प. शेवटी त्यानंच कागदावर लिहिलं: एप्रिल, मराठी, इंग्रजी, चित्रकला. ऑक्टोबर, गणित, विज्ञान. खाली रेघ मारली आणि झोपायला गेला.

म्हणजे अकरावी एक वर्ष पुढं जाणार. आता अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाईन होतात आणि पाचही विषय सुटल्याशिवाय त्यात आपलं नाव लागत नाही. हे एक वर्ष म्हणजे ‘वाया’, असं आतापर्यंत माझ्या सख्ख्या भावापासून सगळ्यांनी सांगून झालंय. मला हा हिशोब पटत नाही. कडी लावून न्हाणीत काढलेल्या सकाळी कोणत्या वर्षात धरायच्या ते मग सांगा. हे भावाला फोनवर बोलले तर तो म्हणाला, ‘ताई, तू चिडू नकोस.’ चिडले नव्हते. थोडी चिडले होते.

मार्च

मंडळाची दहावी संपली. आज शेवटचा पेपर सुटल्या सुटल्या याचे जुने वर्गमित्र, पेठेतल्या मैदानावर अजून याच्याबरोबर फुटबॉल खेळणारे, थेट आमच्या दारात. अंगावर गणवेश, शाईनं सह्या केलेले. मिसळ खायला निघाले होते, याला ओढून घेऊन गेले. मी वर गॅलरीत उभी राहून कोपऱ्यापर्यंत बघितलं.

दोन तासांनी आला तो तोंड पाडून. माझ्या पोटात गोळा. कोणी काही बोललं की काय? निकाल, वर्ष, नापास? जेवायला वाढलं तरी गप्प. शेवटी म्हणाला, ‘त्यांना तीन महिने सुट्टी आहे. गोव्याला चाललेत, क्रिकेटचा क्लास लावणारेत. तुझी परीक्षा कधी म्हणाले. मी म्हटलं एप्रिलात तीन, ऑक्टोबरात दोन. तर म्हणतात, खुळा हाईस काय, म्हणजे तुला मे महिनाच न्हाई.’

हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. फी, विषय, संधी, प्रवेश, सगळ्याचा विचार केला, आणि पंधरा वर्षांच्या पोराला मे महिना लागतो हे राहून गेलं. मास्तरांचा मेचा बेत तयार होता, विज्ञानाची पुस्तकं टेबलावर काढून ठेवलेली.

भिंतीवरचं कालनिर्णय उतरवून घेतलं. शेवटचा पेपर जिथं येईल तिथपासून मृगापर्यंत पेन्सिलीनं तिरकी रेघ मारली. या दिवसांत पुस्तक नाही, मास्तर नाहीत, वर्कशॉप त्याची मर्जी असेल तर. तो म्हणाला, चिखलीला मावशीकडं जाणार, नदीत पोहणार. हे म्हणाले, आंबे पाठव. मी म्हटलं, त्या दिवसांत मलाही कोणी अभ्यासाचं विचारायचं नाही, दुपारी घरी आले की मी झोपणार आहे.

सासूबाईंनी विचारलं, ‘आणि मालिकेचा आवाज मोठा केला तर चालंल न्हवं?’