पाचव्या जागी अडकलेलं नाव

मार्च २०१०. मी तेव्हा सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचे. युरोपात विंडोज वापरणाऱ्यांपुढे ब्राउझर निवडण्याची स्क्रीन नुकतीच यायला लागली होती. विंडोजबरोबर मायक्रोसॉफ्टचाच ब्राउझर इंटरनेट एक्सप्लोरर आयताच मिळतो, ही ऑपेरा या प्रतिस्पर्धी ब्राउझर कंपनीची २००७ मधली तक्रार. त्यातून मायक्रोसॉफ्टने दिलेली हमी युरोपीय आयोगाने डिसेंबर २००९ मध्ये बंधनकारक केली. १२ ब्राउझर दाखवायचे, पहिल्या पाचांचा क्रम दर वेळी रँडम. मला तो निर्णय मनापासून पटला होता. आधी दिसतं तेच लोक उचलतात, म्हणून क्रम महत्त्वाचाच.

त्या सकाळी वाचलं, की क्रम रँडम नाहीच. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये ती स्क्रीन उघडली, तर निम्म्या वेळा त्याचंच नाव पाचव्या जागी. स्वतःचंच नुकसान, म्हणजे लबाडी नव्हे, चूक. सॉर्ट करताना, म्हणजे यादी क्रमाने लावताना, 'या दोघांत आधी कोण?' याचं उत्तर दर वेळी नाणं उडवून दिलं होतं. पण सॉर्टिंगला सुसंगत उत्तरं लागतात. अ हा बच्या आधी, ब हा कच्या आधी, तर अ हा कच्या आधी हवाच. ते पाळलं नाही, तर कोण कुठे पडणार हे ब्राउझरच्या सॉर्टिंगच्या पद्धतीवर ठरतं.

वाचता वाचता पोटात गोळा आला. नाणं उडवून सॉर्ट करणारी हीच ओळ आमच्या कोडमध्ये होती, सर्वेक्षणातले पर्याय फिरवायला. आणि मीच ती पास केली होती, चार-पाचदा रिफ्रेश करून.

डेव्हलपर म्हणाला, "अगं, दर वेळी बदलतोय ना क्रम?"

बदलत होता. मी १०,००० वेळा चालवून मोजलं. पर्याय पाच, म्हणजे प्रत्येक जागी प्रत्येक जण २,००० च्या आसपास यायला हवा. आकडे तसे नव्हतेच. त्याने तक्ता दोनदा पाहिला आणि फिशर-येट्स ही क्रम पिसण्याची पद्धत लिहायला घेतली: शेवटच्या जागेपासून सुरुवात, उरलेल्यांतून एक रँडम उचलायचा, तिथे ठेवायचा, मग आधीची जागा. पुन्हा मोजलं, रकाने सारखे झाले. आधी गोळा झालेली उत्तरं मात्र वाकड्या क्रमाचीच होती. ग्राहकाला तसं कळवण्याचं पत्र मी स्वतः लिहिलं.

मार्च २०१३ मध्ये आयोगाने मायक्रोसॉफ्टला ५६.१ कोटी युरो दंड केला. मे २०११ ते जुलै २०१२ या काळात सुमारे दीड कोटी लोकांना ती स्क्रीन दिसलीच नव्हती. विंडोज ७ च्या सर्व्हिस पॅक १ या मोठ्या अपडेटमध्ये ती राहून गेली होती. त्या संध्याकाळी मी आमच्या चाचण्यांच्या यादीत सगळ्यात वर एक ओळ घातली: स्क्रीन मुळात उघडते का? नव्या इन्स्टॉलवर, आणि प्रत्येक अपडेटनंतर.