सरांचं जनरल रजिस्टर

शाळेच्या इतिहासावर चार शब्द लिहा, असं महोत्सवाच्या स्मरणिका समितीचं पत्र आलं आणि पहिल्यांदा डोळ्यांपुढे आलं ते सरांचं अक्षर. इमारती, मुख्याध्यापक, ढाली, करंडक यांवर बाकीचे लिहितीलच. मला लिहायचंय ते कार्यालयातल्या लोखंडी कपाटाविषयी. आपल्या शाळेचा इतिहास तिथं लाल खारव्याच्या दप्तरांत बांधून ठेवलेला आहे, आणि त्यातली कित्येक वर्षं सरांच्या हातची आहेत.

सर गणिताचे. रजिस्टर लिहिणं हे खरं तर लिपिकाचं काम, पण दर जूनला ते सरांकडेच यायचं. जनरल रजिस्टर नंबर एक म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची कायमची नोंद. प्रत्येकाला एक क्रमांक, एक ओळ. तो क्रमांक पुन्हा कुणाला मिळत नाही, आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तोच उतरतो. पुढं हुशार निघालेला असो की नापास होऊन सातवीत शाळा सोडलेला, ओळीची रुंदी सगळ्यांना सारखीच.

सरांची पद्धत आजही कुठल्याही कार्यालयानं उचलावी अशी होती. प्रवेश अर्ज तारखेप्रमाणे लावून घ्यायचे. आधीच्या शाळेचा मूळ दाखला हातात आल्याशिवाय ओळ लिहायची नाही; झेरॉक्स किंवा तोंडी माहिती चालायची नाही. एकानं अर्ज वाचायचा, दुसऱ्यानं लिहायचं. लिहून झालं की उलट करायचं, लिहिणाऱ्यानं रजिस्टरातलं वाचायचं आणि पहिल्यानं अर्जावर बोट ठेवून ताडून पाहायचं. मगच समासात पेन्सिलीची बारीक खूण. एका बैठकीत वीस नोंदी, त्यापुढं एकही नाही. विसाव्यानंतर डोळा वरच्या ओळीतलं खालच्या ओळीत आणू लागतो, असं सर म्हणत.

जन्मतारीख अंकी आणि अक्षरी अशी दोनदा का लिहायची, तेही त्यांच्याकडूनच समजलं. घाईत काढलेला १ आणि ९ पुढच्या माणसाला सारखाच दिसतो. अक्षरात ‘एकोणसत्तर’ लिहिलं की वाद उरत नाही. शाई निळी-काळी, कायम टिकणारी. रॉयल ब्लू दिसते सुंदर, पण पाण्याचा थेंब पडला की अक्षर धुऊन जातं. चूक झाली तर खरवडायचं नाही, गिरवायचं नाही. पट्टी ठेवून एकच रेघ, खालचं मूळ वाचता येईल अशी; वर दुरुस्ती, बाजूला तारखेसह सही. वर्षाअखेर पानावर ओळी उरल्या तर त्यांवर तिरकी लाल रेघ आणि मुख्याध्यापकांची सही. कोरी ओळ राहिली की दहा वर्षांनी कुणीतरी तिथं नाव घुसवायला येतो.

आता पुराच्या मुलाची गोष्ट. आपल्या पिढीतल्या मुलांच्या जन्मतारखा पाहा, एक जून किती निघतात! जूनमध्ये पहिलीत घालायचं, वय भरत नसायचं, मग शाळेतच एक जून लिहिली जायची. हायस्कूलमध्ये पाचवीला दाखला येई तो तीच तारीख घेऊन, आणि दाखल्यावर आहे तेच आपल्याकडं उतरे. म्हणून सर नववीत, बोर्डाचा फॉर्म भरायच्या आधीच्या वर्षी, पालकांना बोलावून प्रत्येक तारीख वाचून दाखवत. पंचवटीतल्या एका आईनं ऐकलं, ‘एक जून एकोणीसशे एकोणसत्तर’, आणि मान हलवली. म्हणाली, “नाही गुरुजी, हा पुरातला. पोळा तोंडावर आला होता, गंगेचं पाणी चढत होतं, तेव्हाचा.”

१९६९ चा महापूर १० सप्टेंबरचा. गोदावरीत, म्हणजे नाशिककरांच्या गंगेत, पात्रातली दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती दिसेनाशी झाली होती, तो. नाशिकच्या माणसाला ही तारीख पंचांगात शोधावी लागत नाही. पण आईचं सांगणं खरं आहे एवढ्यावर रजिस्टर बदलत नाही, आणि सरांनी ते बदललंही नाही. त्यांनी आधी नगरपालिकेच्या जन्मनोंदीचा उतारा मागवायला लावला. उताऱ्यात तारीख १० सप्टेंबरच होती, मात्र मुलाचं नाव नव्हतं. त्या काळी बारशाच्या आधीच नोंद होई, त्यामुळे ‘पुरुष’ एवढंच लिहिलेलं असे, आणि पुढं वडिलांचं नाव. अडचण इथंच येते. ही नोंद याच मुलाची, की याच्या भावाची? मग हाच तो मुलगा, असं आईचं प्रतिज्ञापत्र, सोबत जन्माचा उतारा, प्राथमिक शाळेच्या रजिस्टरचा उतारा आणि मुख्याध्यापकांची शिफारस, असा प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांकडं गेला. मंजुरी आल्यावर सरांनी जुन्या तारखेवर एक रेघ ओढली, वर नवी तारीख अंकी-अक्षरी लिहिली आणि शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईनं आदेशाचा क्रमांक टाकला. सगळं मुलगा शाळेत असतानाच. शाळा सोडल्यावर ही नोंद बदलून मिळणं फार कठीण, आणि बहुतेकांना चूक कळते ती नेमकी तेव्हाच.

तीन महिन्यांनी काय बिघडतं, असं वाटेल. तो विद्यार्थी आज राज्य सरकारच्या नोकरीत आहे, निवृत्तीचं वय अठ्ठावन्न. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणजे एक जून राहिली असती तर ३१ मे २०२७. आता ३० सप्टेंबर २०२७. चार महिन्यांचा पूर्ण पगार एका ओळीत होता, आणि तो सरांनी वाचवला.

शाळेचा इतिहास ज्यांना लिहायचाय त्यांनी ही रजिस्टरं वाचावीत, पण वाचताना सावध राहावं. जुन्या खंडांतली ‘इंग्रजी पहिली’ म्हणजे आजची पाचवी, आणि ‘सातवी’ म्हणजे मॅट्रिकचा वर्ग. सातवीतून शाळा सोडली म्हणजे शिक्षण अर्धवट टाकलं, असा अर्थ काढू नये. फीच्या वहीत एप्रिल १९५७ पर्यंत आणे दिसतील, पुढं नवे पैसे. १९७५ साली अकरावीची शेवटची आणि दहावीची पहिली अशा दोन तुकड्या एकदमच बोर्डाला बसल्या, त्यामुळे त्या वर्षी शाळा सोडल्याच्या नोंदी एकाएकी वाढतात. ती काही गळती नव्हे. प्रवेश अर्जांवरचा पालकांचा व्यवसाय पाहिला तर शहर कसं वाढलं तेही कळतं. आधी नाशिकरोडचा प्रेस, म्हणजे सरकारी छापखाना, मग १९६४ नंतर ओझरचा, मूळच्या बंगलोरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना. जन्मस्थळाच्या रकान्यात बंगलोर दिसू लागतं, ते तिथूनच.

या वह्यांना मागणी आज आहे तेवढी कधीच नव्हती. जात पडताळणीला अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. तो पुष्कळदा आजोबांच्या शाळेतच सापडतो. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा राज्यभरच्या शाळांतली अशी कपाटं उघडली गेली. उतारा मागायला आलेल्या नातवाला सरांच्या हातचं पान मिळालं की काम पाच मिनिटांत होतं. दुसऱ्या कुणी गिरवून ठेवलेलं पान मिळालं, तर बिचाऱ्याच्या फेऱ्या सुरू.

आता दाखले संगणकावर निघतात, ते बरंच आहे. पण जुन्या पानांचे हाल पाहून वाईट वाटतं. फाटलेल्या कडांना चिकटपट्टी लावली आहे. काही वर्षांत ती पिवळी पडते आणि सुटताना अक्षरासकट निघते. लॅमिनेशन तर मुळीच करू नये, एकदा केलं की कागद पुन्हा मोकळा होत नाही. पट्टी लावायचीच तर पातळ कागदाची, गव्हाच्या खळीनं. कपाट भिंतीपासून वीतभर पुढं आणि जमिनीपासून वर, म्हणजे ओल आणि वाळवी दोन्ही टळतात. कसरीसाठी वेखंडाच्या पुरचुंड्या, दर पावसाळ्यानंतर नव्या. दप्तर आवळून बांधू नये, पाठीची शिवण तुटते. पुढचा पूर कधी येईल सांगता येत नाही, २००८ चाही सगळ्यांना आठवत असेल. म्हणून सर्वांत जुने खंड वरच्या कप्प्यात.

महोत्सवाच्या निधीतून एक काम आधी व्हावं, ही समितीला विनंती. प्रत्येक पानाचं छायाचित्र घ्यावं, वही सपाट करण्यासाठी न दाबता, खिडकीच्या उजेडात, आणि फाइलला जनरल रजिस्टरचा क्रमांकच नाव म्हणून द्यावा. सुरुवात सरांच्या खंडांपासून करा, आणि त्यातही शेऱ्याच्या रकान्याकडं नीट पाहा. तिथली लाल शाई निळ्या-काळीपेक्षा लवकर उडते. त्या वह्यांत आईच्या नावाला रकाना नाही, तो पुष्कळ नंतर आला. पुराच्या मुलाच्या ओळीत मात्र आदेशाच्या क्रमांकाखाली सरांनी लिहिलंय, ‘आईचे प्रतिज्ञापत्र सोबत’, आणि पुढं त्या बाईंचं पूर्ण नाव. अजून वाचता येतं.