ओळखीने आलेले ग्राहक : आमच्या विमा एजन्सीची वाटचाल

सुरुवातीला आमचे ग्राहक म्हणजे नातेवाईक, त्यांचे शेजारी आणि त्या शेजाऱ्यांचे ऑफिसातले मित्र. बहुतेक विमा एजन्सी अशाच उभ्या राहतात. ही साखळी केव्हातरी संपते आणि मग अनोळखी लोकांना फोन करत बसणं एवढंच उरतं. त्या कामाचा आम्हाला मनापासून कंटाळा. म्हणून इतर व्यावसायिकांशी रेफरलचं, म्हणजे एकमेकांकडे ग्राहक पाठवण्याचं, नातं जोडायचं ठरवलं. आज आमचं बहुतांश नवं काम त्याच वाटेने येतं.

रेफरल म्हटलं की पहिली आठवते गाड्यांची शोरूम. तिथे गिऱ्हाईक भरपूर, पण गाडी घेणाऱ्याचं लक्ष गाडीत असतं. विमा त्याच्या लेखी सही करायचा आणखी एक कागद. तो सगळ्यांत स्वस्त पॉलिसी मागतो आणि वर्षभराने त्याहून स्वस्त शोधत दुसरीकडे जातो. आम्हाला खरा आधार मिळाला तो सीए आणि हिशेब लिहिणाऱ्यांचा.

कारण त्यांच्यासमोर व्यापाऱ्याचा ताळेबंद असतो. मालाचा साठा दरवर्षी वाढलेला दिसतो, आगीच्या पॉलिसीवरची रक्कम मात्र जुनीच. अशा पॉलिसींमध्ये सहसा सरासरीचं कलम असतं, म्हणजे विमा मालाच्या किमतीपेक्षा जितका कमी, तितक्याच प्रमाणात भरपाईही कमी, आणि ते अनेकांना नुकसान झाल्यावरच कळतं. गोदामात 100 लाखांचा माल, विमा 60 लाखांचा आणि नुकसान 20 लाखांचं झालं, तर हातात येतात 12 लाख. तेही इतर वजावटी धरायच्या आधी. सीएने नुसतं ‘ही रक्कम एकदा तपासून घ्या’ म्हटलं, तरी तो व्यापारी आमच्याकडे नेमका प्रश्न घेऊन येतो. अशा माणसाला काही विकावं लागत नाही. फक्त नीट उत्तर द्यावं लागतं. गृहकर्ज करून देणारे सल्लागार आणि घरसामान हलवणारे यांच्याकडूनही चांगली माणसं येतात, पण सीएंची सर नाही.

‘मला यात काय मिळणार?’ हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, आणि विचारावाच. पण इथे मन मानेल तसं वागता येत नाही. भारतात विमा कायदा, 1938 च्या कलम 40 नुसार विमा व्यवसाय मिळवून दिल्याचा मोबदला विमा एजंट किंवा विमा मध्यस्थालाच देता येतो. कलम 41 प्रमाणे ग्राहकाला कमिशनातून सूट देणंही चालत नाही. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत परवाना नसलेल्याला नाव सुचवल्याबद्दल ठरावीक छोटी रक्कम देता येते, मात्र पॉलिसी विकली जाण्याशी ती बांधलेली नसावी लागते. ‘चहापाण्याचं बघू’ असं मोघम बोलून पुढे जाणारे आमच्या धंद्यात कमी नाहीत. आम्ही त्या वाटेला जात नाही. आमच्याकडून परतफेड होते ती कामाचीच: नूतनीकरणाच्या वेळी ग्राहकाकडे काय बदललं हे विचारतो आणि कोणी नवी फर्म काढत असेल तर त्याला सीएंची नावं देतो. दावा करणारा गाडीमालक गॅरेज विचारतो, तेव्हा दोन-तीन नावं सांगतो आणि निवड त्याच्यावर सोडतो. गॅरेजकडून काही घेतलं, तर आमच्या शब्दावर कोण विश्वास ठेवील?

नाव पाठवणारा स्वतःची पत पणाला लावतो. म्हणून त्याच दिवशी फोन करायचा, हा आमचा नियम. काम झालं की ‘बोलणं झालं, आभार’ एवढंच कळवायचं. पॉलिसी कितीची, आजार कोणता, हे ग्राहकाच्या परवानगीशिवाय सांगायचं नाही. काहींना हे तुटक वाटतं. खरी कसोटी लागते दाव्याच्या वेळी. नुकसान तपासणारा सर्व्हेअर कधी येणार, कोणते कागद राहिलेत, याचं उत्तर आमच्याकडून वेळेत मिळालं नाही, तर ग्राहक आधी सीएंना फोन करतो. मग त्या ऑफिसातून नवीन नाव येणं बंद होतं, आणि ते का, हे कोणी सांगत नाही.

आमच्या नोंदवहीत प्रत्येक ग्राहकासमोर ‘कोणाकडून’ असा रकाना आहे. किती नावं आली यापेक्षा त्यांतले किती जण नूतनीकरणाला टिकले, हे आम्ही पाहतो. त्यावरून काही भागीदाऱ्या गाजावाजा न करता बंदही केल्या.

सध्या एका मालवाहतूक व्यावसायिकाशी बोलणी चालू आहेत. त्यांना टक्केवारीच हवी आहे. त्यांच्या ऑफिसातल्या एखाद्याने प्रशिक्षण घेऊन, परीक्षा देऊन विमा कंपनीकडून एजंट म्हणून नेमणूक घ्यावी, म्हणजे कमिशन त्याच्या नावावर रीतसर मिळेल, असं आम्ही सुचवलंय. ‘अभ्यास करायला वेळ कोणाला आहे?’ असं तिकडून आलंय. बघू.