तुम्ही विचारलंत म्हणून: मी पंतप्रधानांच्या कबरी बघत का फिरतो

दरवर्षी मंडळाच्या गणपतीत कोणीतरी विचारतंच. "काका, तुम्ही म्हणे कबरी बघत फिरता?" मग बाजूचा हसतो, आणि बायको मोदकांच्या टेबलाकडे निघून जाते. यंदा एका नव्याने आलेल्या मुलाने मात्र खरंच मनापासून विचारलं, की कॅनडात बघायला एवढं आहे, नायगारा आहे, रॉकीज आहेत, आणि तुम्ही मेलेल्या पंतप्रधानांच्या मागे का लागलाय. आरती सुरू झाली म्हणून तेव्हा उत्तर राहून गेलं, ते आता लिहितोय, जरा लांबेल.

सुरुवात ठरवून नाही झाली. मुलीला किंग्स्टनला युनिव्हर्सिटीत सोडायला गेलेलो, सामान चढवलं, बेडशीट घातलं, आणि मग तिने फार प्रेमाने सांगितलं की बाबा आता तुम्ही निघा. टोरोंटोजवळ मॉल्टनला आमचं घर, तिथपर्यंत परतीचा तीन तासांचा रस्ता होता आणि दोघांनाही लगेच गाडीत बसून गप्प राहायचं नव्हतं. फोनवर जवळपास काय आहे बघितलं तर कॅटराक्वी सिमेट्री, सर जॉन ए. मॅकडोनाल्ड, कॅनडाचे पहिले पंतप्रधान. म्हटलं चला.

आता मी कराडचा माणूस, आपल्या डोक्यात देशाच्या पहिल्या पंतप्रधानाची समाधी म्हणजे यमुनेकाठची ती हिरवळ, रांग, चपला काढा वगैरे. इथे घरच्यांच्या मधोमध एक छोटासा दगडी क्रॉस, शेजारी एक झेंडा आणि एक माहितीची पाटी. बस्स. शेजारच्या कोणा दुकानदाराची कबर ह्याच्यापेक्षा मोठी होती. (झेंडा आणि पाटी सगळ्यांनाच असते, पार्क्स कॅनडाने १९९९ पासून हे काम हातात घेतलंय, हे मला नंतर कळलं.)

घरी येऊन वाचत बसलो आणि वाचतच राहिलो. हा माणूस ग्लासगोत जन्मलेला, पाच वर्षांचा असताना आईबापांबरोबर किंग्स्टनला आलेला, म्हणजे तोही इमिग्रंटच. वकील झाला, १८६७ मध्ये देश उभा केला, दारू अशी प्यायचा की त्याचे किस्से अजून चालतात. १८७३ मध्ये रेल्वेच्या कंत्राटासाठी कंत्राटदाराकडून निवडणुकीला पैसे घेतल्याचं बाहेर आलं, 'अजून दहा हजार पाहिजेत' अशी त्याची तारच पेपरात छापून आली, राजीनामा द्यावा लागला. आणि पाच वर्षांनी लोकांनी परत निवडून दिला! घरी एक मुलगी, मेरी, जन्मापासून डोक्यात पाणी झालेली, चालता येत नव्हतं, आणि हा संसदेतून येऊन तिला गोष्टी वाचून दाखवायचा. हे वाचून मी विरघळलो होतो, खोटं कशाला सांगू. आणि पुढच्याच पानावर, रेल्वे बांधायला चिनी मजूर आणले आणि रेल्वे पुरी झाली त्याच वर्षी, १८८५ मध्ये, चिनी माणसाला देशात यायला ५० डॉलरचा डोईटॅक्स लावला. आदिवासी मुलांना घरातून उचलून नेणाऱ्या निवासी शाळा पण ह्याच्याच सरकारने वाढवल्या. किंग्स्टनच्या सिटी पार्कातला त्याचा पुतळा २०२१ मध्ये उतरवला, १० डॉलरच्या नोटेवरून तो त्याआधीच गेलेला. कबर तेवढी जागेवर आहे.

तर हा असा नाद लागला. मग ४०१ हायवेवरून किंग्स्टनला जाता-येता वाटेत बेलव्हिल लागतं म्हणून मॅकेन्झी बोवेल पण झाले. ह्यांच्यावर फार वेळ नाही घालवत, फक्त एवढंच की १८९६ च्या जानेवारीत ह्यांच्या मंत्रिमंडळातल्या सात मंत्र्यांनी एकदम राजीनामे दिले आणि हे बिचारे 'गद्दारांचा अड्डा' म्हणत बसले, शेवटी पायउतार झालेच. मराठी माणसाला हे समजावून सांगायला लागत नाही.

पण ज्याच्यासाठी मी मुद्दाम सुट्टी काढून गाडी मारत गेलो तो अलेक्झांडर मॅकेन्झी. सार्निया, अगदी अमेरिकेच्या बॉर्डरवर. हा दुसरा पंतप्रधान, मॅकडोनाल्ड त्या रेल्वेच्या भानगडीत पडला तेव्हा आलेला. आणि हा गवंडी होता हो! म्हणजे गवंडीकामाचा कंत्राटदार नंतर झाला, पण आधी स्वतः हातात छिन्नी-हातोडा घेऊन दगड घडवणारा. स्कॉटलंडमध्ये बाप गेला म्हणून तेराव्या वर्षी शाळा सुटली, मग दगडाचं काम शिकला, आणि वीस वर्षांचा असताना जिच्यावर जीव होता तिच्या घरचे कॅनडाला निघाले म्हणून हाही १८४२ मध्ये त्यांच्याबरोबर निघाला. माझे वडील गवंडी. आयुष्यभर ओळंबा आणि थापी. मी त्यांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं की इथला दुसरा पंतप्रधान गवंडी होता, तर ते जरा वेळ काही बोललेच नाहीत आणि मग विचारलं, "दगडाचा का विटेचा?" दगडाचा म्हटल्यावर मान हलवली, म्हणजे पास.

ह्या गवंड्याने १८७३ ते १८७८ अशी पाचच वर्षं राज्य केलं पण काम बघा, गुप्त मतदान आणलं, सुप्रीम कोर्ट बसवलं, ऑडिटर जनरल नेमला. त्याआधी लोक सगळ्यांसमोर तोंडाने सांगून मत द्यायचे आणि मालक तिथे उभा राहून बघायचा. 'सर' ही पदवी तीनदा देऊ केली, तीनदा नको म्हणाला. सार्वजनिक बांधकाम खातं स्वतःकडेच ठेवलेलं, आणि कंत्राटं मागायला येणाऱ्यांची एवढी रांग की ऑफिसातून गुपचूप सटकायला वेगळा जिना केला होता असं सांगतात. माझ्या मते हा सगळ्यात सरळ माणूस आणि म्हणूनच बहुतेक पुढच्या निवडणुकीत आपटला. लोकांना परत तो दारुडाच आवडला.

आता तुम्ही म्हणाल ठीक आहे, इतिहासाची आवड आहे, त्यात काय एवढं. मलाही तसंच वाटत होतं, ऑटावाला जाईपर्यंत.

ऑटावात नोत्र-दाम सिमेट्रीत विल्फ्रिड लॉरिए आहेत, आपल्या ५ डॉलरच्या नोटेवरचे. ही कबर मात्र थाटाची, वर नऊ बायका डोकं खाली घालून बसलेल्या, तेव्हाच्या नऊ प्रांतांच्या म्हणून. पहिला फ्रेंच भाषक पंतप्रधान, १८९६ ते १९११ सलग पंधरा वर्षं, बोलायला सोन्यासारखा. प्रेअरीत, म्हणजे पश्चिमेकडच्या गवताळ मैदानात, युरोपातून लाखो लोक आणून वसवले ते ह्याच्याच काळात. आणि ह्याच्याच सरकारने १९०८ मध्ये नियम काढला की कॅनडात येणाऱ्याने आपल्या देशातून थेट, मधे कुठे न थांबता आलं पाहिजे. भारताचं नाव कुठेच नाही त्यात, फार हुशारीने लिहिलेलं. पण भारतातून थेट तिकीट मिळायचंच नाही, झालं काम. वर भारतीयाकडे उतरताना २०० डॉलर पाहिजेत.

तिथून थोड्या अंतरावर बीचवुडला रॉबर्ट बोर्डन, १०० च्या नोटेवरचे, पहिल्या महायुद्धातले. इन्कम टॅक्स ह्यांच्या सरकारने १९१७ मध्ये युद्धासाठी म्हणून आणला आणि युद्ध संपून शंभर वर्षं झाली तरी मी भरतोय, ते सोडा. १९१४ मध्ये कोमागाता मारू व्हँकुव्हरला आली ती ह्यांच्याच वेळी. ३७६ माणसं, बहुतेक पंजाबी, दोन महिने बंदरात बोटीवरच अडकवून ठेवली, आणि मग नौदलाची बोट पाठवून परत हाकलली. ती माणसं कोलकात्याजवळ बजबजला उतरली तर ब्रिटिशांनी गोळ्या घातल्या. नियम कोणता दाखवला परत पाठवायला? तोच, १९०८ चा.

मी बोर्डनच्या दगडापुढे उभा होतो आणि मला एकदम लक्षात आलं की मी इतके दिवस ह्यांच्याकडे पुस्तकातली माणसं म्हणून बघत होतो. ही माझीच फाईल आहे. म्हणजे माझ्या इमिग्रेशनच्या कागदावर ह्या सगळ्यांची सही आहे, कोणाची हो म्हणून, कोणाची नाही म्हणून.

मग टोरोंटोच्या माउंट प्लेझंटला मॅकेन्झी किंगकडे गेलो ते ह्याच नजरेने. (मॅकेन्झी नावं फार आहेत, मी काय करू.) एकवीस वर्षांच्या वर पंतप्रधान, इथला रेकॉर्ड. लग्न नाही, कुत्र्यांचं नाव पॅट, एक गेला की दुसरा पण पॅट आणि तिसरा पण पॅटच, आणि मेलेल्या आईशी प्लँचेटवर बोलायचा. हे सगळं त्याने स्वतःच रोजच्या डायरीत लिहून ठेवलंय, १८९३ पासून १९५० मध्ये मरेपर्यंत. लोक ह्या भुताखेतांच्या गोष्टीत रमतात. मला रस दुसऱ्यात. १९०८ मध्ये हा तरुण सरकारी अधिकारी होता, भारतीयांचं काय करायचं ह्याची बोलणी करायला त्याला लंडनला पाठवलेलं, आणि आल्यावर त्याने रिपोर्टात लिहिलं की उष्ण देशातल्या भारतीयाला इथली हवा मानवणारी नाही, त्याच्याच भल्यासाठी त्याने येऊ नये. मी दर जानेवारीत ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसताना ह्या वाक्याची आठवण काढतो, शब्द कुठले वापरतो ते इथे लिहीत नाही. पंतप्रधान झाल्यावर १९२३ मध्ये ह्याच्या सरकारने चिन्यांना जवळजवळ पूर्ण बंदी केली, १९४२ मध्ये जपानी कॅनेडियन लोकांना घरातून काढून छावण्यांत टाकलं. आणि हाच माणूस, १९४७ मध्ये कॅनडाचं स्वतःचं नागरिकत्व सुरू झालं तेव्हा सर्टिफिकेट नंबर १ घेणारा. त्याआधी इथले सगळे ब्रिटिश प्रजाजन. माझं सर्टिफिकेट कपाटात आहे, फाईलमध्ये, आणि त्या रांगेच्या सुरुवातीला हा उभा आहे हे मला अजून नीट गिळता आलेलं नाही.

पुढचं पटकन सांगतो. १९५१ मध्ये, लुई सेंट लॉरेंच्या काळात, भारताला कोटा मिळाला, वर्षाला १५०. हजार नाही हो, एकशे पन्नास, अख्ख्या देशातून! १९६२ मध्ये डीफेनबेकरच्या सरकारने वंश बघून माणूस निवडायची पद्धत बऱ्यापैकी मोडली. डीफेनबेकरची कबर सास्काटूनला, अजून झालेली नाही, आणि आमच्या मॉल्टनमध्ये त्याचं नाव नीट घेतलं जात नाही कारण १९५९ मध्ये त्याने ॲव्हरो ॲरो विमानाचा प्रोजेक्ट एका दिवसात बंद केला आणि कारखाना इथलाच, एअरपोर्टला लागून, हजारो लोक त्याच दिवशी घरी बसले. आमच्या गल्लीतले एक म्हातारे गृहस्थ तो दिवस काल झाल्यासारखा सांगायचे. मी त्यांना एकदा १९६२ चं सांगून बघितलं, की ह्याच माणसामुळे मी तुमचा शेजारी झालो. ते म्हणाले, विमान पण छान होतं.

आणि मग लेस्टर पिअर्सन. टोरोंटोच्या विमानतळाला ज्याचं नाव आहे, आपण सगळे ज्याच्या नावावर उतरतो तो. बॅगा घेऊन बाहेर येताना कोणी विचार करत नाही की पिअर्सन कोण, मीही २००६ मध्ये केला नव्हता, मला फक्त लोणच्याची बरणी फुटली का ह्याची काळजी. हा मुळात परराष्ट्र खात्यातला माणूस. सुएझच्या भांडणात युनोचं शांतिसैन्य मधे उभं करायची कल्पना मांडली त्याबद्दल १९५७ चं शांततेचं नोबेल मिळालं. १९६३ ते ६८ पंतप्रधान, बहुमत एकदाही नाही, आणि त्या लंगड्या सरकारात मेपल लीफचा झेंडा, पेन्शन प्लॅन, सरकारी आरोग्य विम्याचा कायदा, सगळं करून दाखवलं. आणि १९६७ मध्ये पॉइंट सिस्टिम. शिक्षण किती, भाषा येते का, वय काय, हाताला काम काय, ह्याचे मार्क, १०० पैकी ५० मिळाले की या. तू कुठला, रंग काय, हा प्रश्नच पेपरात नाही. मी आलो तेव्हा ६७ लागायचे. कराडच्या गवंड्याच्या पोराने ते ६७ कसे जमवले ती वेगळी कथा आहे, इंग्रजीच्या परीक्षेला दोनदा बसलो एवढंच सांगतो.

पिअर्सन क्वेबेकात वेकफील्ड नावाच्या लहान गावात आहे, ऑटावापासून फार लांब नाही. टेकडीवरची सिमेट्री, गावातली साधी माणसं आजूबाजूला. परराष्ट्र खात्यातले तीन मित्र, पिअर्सन, ह्यूम राँग आणि नॉर्मन रॉबर्टसन, तिघांनी मिळून ही जागा धरलेली आणि तिघेही तिथेच आहेत. ऑक्टोबर होता, पानं लाल झालेली, बायको पण ह्या वेळी गाडीत न बसता खाली उतरली. मी तिला म्हटलं हा तो ६७ वाला. ती जरा वेळ दगडाकडे बघत राहिली आणि मग पर्समधून खडीसाखर काढून तिथे ठेवली. मी काही बोललो नाही. परत येताना गाडीत म्हणाली, "त्याला चालत असेल ना गोड?"

सगळं गोड नाहीये हे तिलाही माहितीये. १९८५ मध्ये एअर इंडियाचं कनिष्क विमान बॉम्बने पाडलं, ३२९ माणसं गेली, त्यातले २६८ कॅनडाचे नागरिक, आणि पंतप्रधान मल्रोनींनी सांत्वनाचा फोन केला तो राजीव गांधींना. म्हणजे पॉइंट पुरे होऊन, सर्टिफिकेट मिळूनही मेल्यावर आपण कोणाचे, ते ह्या एका फोनमध्ये आहे. मल्रोनी २०२४ मध्ये गेले. त्यांच्याकडे अजून गेलो नाही. जाईन की नाही माहीत नाही.

आतापर्यंत नऊ झाल्यात. हॅलिफॅक्सला दोन आहेत, त्यातले जॉन थॉम्पसन १८९४ मध्ये राणीला भेटायला विंडसर कॅसलला गेले आणि तिथेच वारले, त्यांना आणायला अख्खी युद्धनौका काळी रंगवली होती, तेवढ्यासाठी तरी जायचंय. आणि एकच पंतप्रधान कॅनडाच्या बाहेर पुरलेले आहेत, आर. बी. बेनेट, मंदीच्या काळातले. शेतकऱ्यांकडे पेट्रोलला पैसे नव्हते म्हणून मोटारीतलं इंजिन काढून तिला घोडा जुंपायचे आणि त्या गाड्यांना ह्यांचं नाव दिलेलं, बेनेट बग्गी. तेच बेनेट मदत मागणाऱ्यांच्या पत्रांना उत्तर देताना पाकिटात स्वतःच्या खिशातली ५ डॉलरची नोट घालायचे. हरल्यावर रुसून इंग्लंडला गेले ते गेलेच, सरेमधल्या मिकलहॅम गावच्या चर्चच्या आवारात आहेत. पुढच्या मे महिन्यात भाचीचं लग्न आहे लंडनला. बायकोने तिकिटं काढलीत, लग्नानंतर दोन दिवस जास्तीचे ठेवलेत, आणि मला वाटतंय तिने ते शॉपिंगसाठी ठेवलेत.