मेजर कोणता घेऊ?

तुम्ही विचारलंत म्हणून हे सविस्तर लिहितोय. प्रश्न बहुतेक वेळा याच शब्दांत येतो: "मला कशात आवड आहे तेच कळत नाही, मग मेजर (पदवीचा मुख्य विषय) कोणता घेऊ?"

आधी आवड शोधायची आणि मग विषय निवडायचा, हा क्रम फार थोड्यांच्या बाबतीत जमतो. आवड विचार करून सापडत नाही, पोहण्याची लागते तशी ती लागते. पाण्यात उतरल्यावर, नाकातोंडात पाणी गेल्यावर. तोवर एवढंच करायचं, की कुठली दारं आपोआप बंद होतायत ते बघायचं आणि त्यांत पाय अडकवून ठेवायचा.

त्यासाठी अभ्यासक्रमाची पुस्तिका आणि एक कोरा कागद घ्या. मनात घोळणारे तीन-चार विषय लिहा आणि प्रत्येकाच्या शेवटच्या वर्षापासून मागे या. हा पेपर घ्यायला आधी कोणता झालेला लागतो? त्याच्या आधी कोणता? बाण काढत पहिल्या सेमिस्टरपर्यंत पोहोचा. इतिहास, समाजशास्त्र, साहित्य यांच्या साखळ्या बहुधा आखूड निघतात. भौतिकशास्त्र किंवा इंजिनिअरिंगच्या लांबलचक: कॅल्क्युलसचा पहिला भाग, मग दुसरा, मग डिफरन्शिअल इक्वेशन्स, आणि त्यानंतर कुठे तिसऱ्या वर्षाचा पेपर. त्यातले काही पेपर वर्षातून एकदाच शिकवतात, म्हणजे एक सेमिस्टर हुकलं की अख्खं वर्ष पुढे ढकललं जातं. काहीच ठरलं नसेल तर पहिल्या दोन सेमिस्टरांत सगळ्यात लांब साखळीची पहिली कडी घेऊन टाका. गणिताकडून साहित्याकडे वळणं सोपं असतं, तिसऱ्या वर्षी साहित्याकडून गणिताकडे वळणं महागात पडतं.

पुस्तिका हातात आहे तोवर तिसऱ्या वर्षाच्या जुन्या प्रश्नपत्रिकाही मिळवा. हे कोणी करत नाही, आणि का करत नाही ते कळतही नाही. विषयाचं नाव आणि त्यातलं रोजचं काम यांत बरंच अंतर असतं. माणसं समजून घ्यायची म्हणून मानसशास्त्राला गेलेल्यांची गाठ संख्याशास्त्राशी पडते: टी-टेस्ट, नमुन्याचा आकार, चाचणीची विश्वसनीयता. अर्थशास्त्रात बातम्यांवरच्या चर्चेपेक्षा कॅल्क्युलसमधले डेरिव्हेटिव्ह जास्त भेटतात. कॉम्प्युटर सायन्समध्ये ॲप बनवण्यापेक्षा अल्गोरिदम बरोबर का चालतो याची सिद्धता लिहावी लागते. प्रश्नपत्रिका सुटायची गरज नाही. वाचताना 'हे कसं काढत असतील?' असं मनात येतं की पान उलटावंसं वाटतं, एवढं टिपून ठेवा.

आता कल चाचण्यांबद्दल, कारण पुढचा प्रश्न तोच असतो. बऱ्याच चाचण्यांच्या मुळाशी जॉन हॉलंड यांची 1959 सालची मांडणी आहे. तिच्यात कामाच्या आवडींचे सहा प्रकार आहेत: हाताने करायचं काम, शोध घेणं, कलानिर्मिती, माणसांना मदत, पुढाकार घेऊन लोकांना राजी करणं, आणि नोंदी-हिशेब नीटनेटके ठेवणं. हे सहा षटकोनाच्या कोपऱ्यांवर याच क्रमाने बसतात. शेजारचे प्रकार एकमेकांना जवळचे, समोरासमोरचे लांबचे. पैसे भरून चाचणी देण्याआधी अमेरिकेच्या श्रम खात्याच्या ओ-नेट या मोफत व्यवसायकोशातली 60 प्रश्नांची चाचणी देऊन बघा.

चाचणी फसते ती उत्तरं देताना. प्रश्न 'हे करायला आवडेल का' असा असतो आणि मुलं 'हे मला जमेल का' किंवा 'यात पगार किती' याचं उत्तर देतात. मग सहाही आकडे सारखे येतात आणि 'मला सगळंच थोडं थोडं आवडतं' असा निष्कर्ष निघतो. खरं तर अशा निकालाचा एक अर्थ असाही असतो, की यातली बरीच कामं अजून पाहिलेलीच नाहीत. चाचणीतून शोधायला शब्द मिळतात, त्यापलीकडे तिच्यावर भार टाकू नये.

फ्रँक पार्सन्स यांनी 1908 मध्ये बॉस्टनला व्यवसाय मार्गदर्शनाचं कार्यालय सुरू केलं, तेव्हा त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या होत्या: स्वतःला ओळखा, कामं ओळखा, मग दोन्हींची सांगड घाला. शंभर वर्षांनंतरही पहिलीवरच सगळा वेळ जातो. मुलं चाचण्यांवर चाचण्या देतात, आणि ज्या कामाचा विचार आहे ते करणाऱ्या एकाही माणसाशी वीस मिनिटं बोललेले नसतात.

बोलायचं तर किमान तिघांशी. दोन-तीन वर्षं काम केलेला एक, दहा-पंधरा वर्षं मुरलेला एक, आणि ते क्षेत्र सोडून गेलेला एक. तिसऱ्याला लोक टाळतात, पण सगळ्यात कामाची माहिती त्याच्याकडेच असते. निरोप चार ओळींचा ठेवा: तुम्ही कोण, त्यांचं नाव कुठून कळलं, वीस मिनिटं हवीत, नोकरी मागणार नाही. "तुमचं क्षेत्र कसं आहे?" असं विचारलंत तर भाषण मिळेल. त्याऐवजी विचारा, "गेल्या मंगळवारी सकाळपासून काय काय केलंत?" मग कळतं की आर्किटेक्टचा अर्धा दिवस परवानग्या आणि कंत्राटदाराचे फोन यांत गेला, आणि डेटा ॲनालिस्ट दिवसभर तारखांचे वेगवेगळे फॉर्मॅट जुळवत बसला होता. दुसरा प्रश्न: "कुठलं काम उद्यावर ढकलता?" उत्तरं त्याच दिवशी लिहून ठेवा, आठवड्याने सगळी एकमेकांत मिसळतात.

त्यानंतर स्वतः थोडं करून बघायचं, दहा-पंधरा तासांचं. कायद्याकडे ओढा असेल तर तीस पानांचा एखादा निकाल घेऊन घटना, वादाचा मुद्दा आणि न्यायालयाची कारणं एका पानात उतरवा. पत्रकारिता असेल तर एखाद्या सार्वजनिक सभेची 500 शब्दांची बातमी त्याच रात्री पुरी करा. आर्किटेक्चर असेल तर आपलीच खोली टेपने मोजा आणि 1:50 प्रमाणात काढा, म्हणजे 4 मीटरची भिंत कागदावर 8 सेंटिमीटर. समोरासमोरच्या भिंती सारख्या भरतील, तरी दोन्ही कर्ण मोजलेत तर बहुधा जुळणार नाहीत, कारण खोल्या क्वचितच काटकोनात असतात. त्या फरकाशी पोचल्यावर काही जण पुन्हा टेप घेऊन जमिनीवर बसतात, काही जण 'चालतंय' म्हणून रेघ सरळ मारतात. बघायचं ते इथे. पहिल्या दिवशी सगळंच मजेचं वाटतं. तिसऱ्या बैठकीला, नवलाई संपल्यावर, कोणी न सांगता परत बसलात का?

गुणांचाही एक चकवा असतो. एखादा पेपर छान गेला तो विषयामुळे की शिकवणाऱ्यामुळे, हे एका पेपरवरून कळत नाही. त्याच विषयातला दुसरा पेपर वेगळ्या शिक्षकांकडे घ्या आणि मग ठरवा.

पालकांचा प्रश्न वेगळा असतो: "याला स्कोप आहे का?" त्यावर वाद घालू नका. ज्या कामाचा विचार चालू आहे त्याच्या 25 जाहिराती जमवा, प्रत्येकीत मागितलेली पदवी आणि कौशल्यं तक्त्यात भरा, आणि कुठली किती वेळा येतात ते मोजा. डॉक्टर, नर्स, आर्किटेक्ट अशा परवान्याच्या व्यवसायांत सहसा ठरलेलंच शिक्षण लागतं. तिथे प्रयोगाला जागा नाही, लवकर ठरवावं लागतं. बाकी बऱ्याच जाहिरातींत 'किंवा संबंधित विषय' असे शब्द दिसतात. तिथे मेजरसोबत काय येतं याला वजन असतं: संख्याशास्त्राचा पेपर, नीट लिहिता येणं, एखादी इंटर्नशिप. हा तक्ता समोर ठेवलात की घरातलं बोलणं आकड्यांवर येतं, आवाज जरा खाली येतो.

आणि मेजर बदलायची वेळ आली तर? घाबरण्याआधी क्रेडिट, म्हणजे प्रत्येक पेपरला पदवीत दिलेलं वजन, मोजा. समजा पदवी 120 क्रेडिटची आहे आणि 45 पुरी झालीत. त्यातली सर्वांना सक्तीची 24 तशीच राहतील. जुन्या मेजरची 15, त्यातली 9 ऐच्छिक म्हणून धरली गेली तर वाया गेली 6, म्हणजे 3-3 क्रेडिटचे दोन पेपर. 45 मधली उरलेली 6 नव्या मेजरला लागू होतात का, ते विभागाला विचारायचं. तोंडी 'हो, होईल' यावर विसंबू नका, ईमेलने लेखी घ्या आणि मगच बदलाच्या फॉर्मवर सही करा.