तुम्ही विचारलंत म्हणून: मी तोंडावर का सांगते

गेल्या महिन्यात डबिंगच्या एका वर्कशॉपमध्ये परत तेच. वीस-बावीस पोरं समोर, मी ओठांचं शिकवत होते (प फ ब भ म आला की पडद्यावरचे ओठ मिटलेले हवेत, नाहीतर शेंबड्या पोरालाही कळतं की आवाज उपरा आहे), आणि मागून एका मुलीने हात वर केला. "मॅम, तुम्ही आर्टिस्टला वीस मिनिटांत तोंडावर 'जमत नाहीये' सांगून घरी पाठवता असं ऐकलंय. खरंय का?" सगळे हसले. मीही हसले, म्हटलं पंधरा मिनिटांत. विषय संपवला.

संपत नाही पण तो. रेकॉर्डिस्ट विचारतात, को-ऑर्डिनेटर विचारतात, माझी वहिनी विचारते की अगं एवढी फटकळ कधी झालीस, पूर्वी तर कोणाला दुखवायची नाहीस. तर एकदाच लिहून टाकते, पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच पाठवीन.

१९९४ ला ज्युरासिक पार्क हिंदीत आला, धो धो चालला आणि त्यानंतर स्टुडिओवाल्यांना एकदम आवाज कमी पडायला लागले. मी तेव्हा कॉलेजात एकांकिका करायचे, आवाज बारीक आणि जरा घोगरा. असल्या आवाजाला नाटकात मोलकरणीचा रोल मिळतो, डबिंगमध्ये त्याला 'दहा वर्षांचा मुलगा' म्हणतात. पंधरा-सोळा वर्षं मी मुलगेच बोलले. खरा मुलगा घेतला तर दोन वर्षांत त्याचा आवाज फुटतो आणि सीरियल चालूच असते, बाईचं ते टेन्शन नसतं. पुढे पस्तिशीनंतर माझाच आवाज जड झाला, रोल नव्या मुलींना जायला लागले, आणि मी काचेच्या अलीकडे येऊन डिरेक्शन करायला लागले. लोकांना वाटतं प्रमोशन झालं. काम बंद होत होतं म्हणून आले.

आता काका. नाव लिहीत नाही, आमच्या लाइनमधल्यांना कळेलच. आकाशवाणीवर नभोनाट्यं करून आलेले, सगळ्यांचेच काका. माझं पहिलं हिंदी सेशन त्यांच्याबरोबर होतं आणि माझं प्रत्येक 'है' मराठी 'हे' होत होतं. डिरेक्टर वैतागलेला. काका बूथमध्ये माझ्या शेजारी उभे होते, कानात म्हणाले, "अगं, है म्हणताना जबडा सोड, ओठ आवळू नको." आणि मग, "ओठ नंतर बघ, आधी त्याचा श्वास बघ. तो जिथे घेतो तिथे तू घे, बाकीचं आपोआप बसतं." आज मी पोरांना जे शिकवते त्यातलं निम्मं याच वाक्यात आहे आणि ते माझं नाही.

आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. हॉलिवूडचा मोठा सिनेमा, हिंदीचं डिरेक्शन माझ्याकडे, आणि त्यात एक म्हातारा, चार सीनच पण चारही महत्त्वाचे. मी कोणाचा विचारच केला नाही, काकांना फोन. ते तेव्हा एकाहत्तरचे. डोंबिवलीहून आले, वेळेच्या अर्धा तास आधी, इस्त्रीचा शर्ट, पाकिटात स्वतःचं पेन.

पहिलाच डायलॉग घेतला आणि रेकॉर्डिस्टने माझ्याकडे बघितलं. सोलो करून, म्हणजे नुसता काकांचा आवाज, ऐकवलं. टक्. परत लावलं. प्रत्येक 'स' आणि 'च' च्या पाठोपाठ बारीक टक्. कवळी. समोरासमोर गप्पा मारताना कधीच ऐकू आली नसती, पण हे माइक तुमच्या पोटातली गुरगुरसुद्धा पकडतात. मी हिरवं सफरचंद मागवलं, तोंडाचा चिकट आवाज त्याने जातो, सगळेच खातो आम्ही. काकांना चावेना. मी आत जाऊन पातळ फोडी करून दिल्या, त्यांनी त्या दोन बोटांनी गालात सरकवल्या, माझ्याकडे न बघता. थोडा फरक पडला, मग परत टक्. मग ते म्हणाले एक मिनिट, पाठ फिरवली, रुमालात काहीतरी गुंडाळलं आणि म्हणाले चला. टक् गेलं, पण त थ द ध पण गेले. दंत्य व्यंजनं म्हणून शाळेत पाठ केली होती ना, ती का दंत्य ते मला त्या बूथच्या काचेतून कळलं. 'तुम' चं 'हुम' व्हायला लागलं.

त्यांनी परत कवळी लावली. चार तास आम्ही तसेच. मी प्रत्येक टेकनंतर टॉकबॅक (बूथमध्ये बोलायचं बटण) दाबून "ओके काका, मस्त" म्हणत होते. एकदाही नाही सांगितलं. शेवटी ते बाहेर आले, व्हाउचरवर सही केली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "म्हाताऱ्याला आठवण ठेवून बोलावलंस, बरं वाटलं."

आठवड्याने क्लायंटचा निरोप आला, म्हाताऱ्याचा आवाज बदला. दुसरे एक आर्टिस्ट बोलावले, त्यांनी तीन तासांत संपवलं, चांगलं केलं. काकांना फोन करायचं मी रोज ठरवत होते. सोमवारी ठरवलं, मग म्हटलं पैसे जमा होऊ देत, पैसे आले की सांगू, कमीत कमी हातात काहीतरी असेल. आमच्याकडे पैसे तीन-तीन महिन्यांनी येतात. सिनेमा त्याच्या आधी आला.

काका नातवाला घेऊन गेले हिंदी शो बघायला. रात्री साडेदहाला फोन. मला वाटलं आता चिडतील, मी तयारीत होते. तर ते म्हणाले, "अगं, एक विचारायचं होतं. माझं कॅरेक्टर नेमकं कुठलं होतं गं? नातू विचारतोय आणि मला काही केल्या आठवेना."

बाहुबलीत प्रभासला शरद केळकर बोलला आणि २०२१ ला पुष्पात अल्लू अर्जुनला श्रेयस तळपदे बोलला, ते लोकांना माहीत आहे. पण आमच्यातल्या बहुतेकांचं नाव पडद्यावर येतच नाही, त्यामुळे काकांना नाव बघूनही खात्री करता येत नव्हती. आपला आवाज ओळखू आला नाही म्हणजे आपलंच काहीतरी चुकतंय, असं त्या माणसाला वाटलं, किंवा तसं वाटल्याचं त्यांनी दाखवलं, मला आजही नक्की सांगता येणार नाही. आणि मी काय म्हणाले? "काका, तुमचे सीन एडिटमध्ये गेले हो." म्हातारा पडद्यावर चार वेळा येऊन गेला होता, नातवाने बघितला होता. पलीकडे दोन सेकंद काही नाही. मग, "हां हां, असेल, असेल. जेवलीस का?"

नंतर दिवाळीला त्यांचा मेसेज आला, नेहमीसारखाच. पुढच्या वर्षी एका सिनेमाच्या क्राउडला आले, बाजाराचा गलका होता, दहा-बारा जण बूथमध्ये. मी म्हटलं काका पुढे या. ते मागे गेले, पार भिंतीला टेकून, माइकपासून लांब, आणि शेजारच्या मुलाला म्हणाले, "इथून टक् येत नाही."

म्हणजे त्यांना माहीत होतं. कधीपासून? त्या फोनच्या वेळी की पहिल्या टेकपासूनच? पहिल्या टेकपासून असेल तर माझं एकेक "मस्त" त्यांनी काय म्हणून ऐकलं असेल, ह्याचा मी विचार करायचं टाळते, पण तो बरोबर सेशनच्या मधे येतो.

तर आता मी सांगते. टॉकबॅकवरून नाही, उठून, दार उघडून, आत जाऊन, पंधराव्या मिनिटाला. तुम्हाला ते अपमानास्पद वाटतं, ठीक आहे. तुम्ही चार तास "मस्त" ऐकून घरी गेलेले नाही आहात. आणि हो, पैसे मी त्या दिवसाचे पूर्ण द्यायला लावते, ते कोणी सांगत नाही बाहेर, फटकळपणाच तेवढा सांगतात.

पण ही सगळी बाजू माझीच झाली. गेल्या वर्षी एका मुलाला असंच सांगितलं, नागपूरचा, हिंदी उत्तम, पण घाबरून श्वास वर अडकत होता. सांगितलं, तो थँक्यू मॅम म्हणून गेला, आणि कळलं की परत कुठल्याच टेस्टला आला नाही. त्याला अजून एक तास दिला असता तर? काकांनी मला माझ्या 'हे' साठी पंधराच मिनिटं दिली असती तर मी आज कुठे असते? आणि कधी कधी वाटतं की मी लवकर सांगते ते त्याच्यासाठी नाही, माझ्या डोक्यावरचं ओझं पंधरा मिनिटांत उतरावं म्हणून. वहिनीला हे कबूल केलं नव्हतं, आता वाचेल.

एक गोष्ट वर लिहिली नाही, मुद्दाम गाळली. त्या दिवशी काका गेल्यावर रेकॉर्डिस्ट म्हणाला होता, ताई, मी रात्री बसतो, एकेक टक् हाताने काढतो, निघेल सगळं, फक्त तुम्ही थांबा, कुठलं ठेवायचं कुठलं काढायचं ते सांगायला कोणीतरी लागेल. मी म्हटलं राहू दे रे, असंच जाऊ दे, क्लायंटला बहुतेक कळणार पण नाही. मला विरार लोकल पकडायची होती. कुठली ते आठवत नाही, अंधेरीला चढून सीट मिळाली होती एवढं आठवतं.