पाटणचा पाऊस आणि ०००१ नंबरची फाईल

जुलैतली गोष्ट, सकाळी साडेसहालाच पाटणकडच्या एका दूध संकलन केंद्राच्या सचिवांचा फोन, साहेब एन्ट्रीच होईना, बाहेर लोकं किटल्या घेऊन उभी आहेत. पावसात नेटवर्क जाणं तिकडं नेहमीचंच, पण आमचं सॉफ्टवेअर तर नेट नसताना पण चालायचं, दुधाचं फॅट-एसएनएफ (एसएनएफ म्हणजे फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) आधी तिथल्याच कॉम्प्युटरवर सेव्ह आणि नेट आलं की वर क्लाउडला, म्हणजे इंटरनेटवरच्या सर्व्हरला. साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या ऑफिसात आलो तेव्हा कळलं, टीममधल्या नवीन पोरानं केंद्रावर सेव्ह करणारा लोकल डेटाबेस काढून सगळं डायरेक्ट क्लाउडला लावलेलं, कारण डबल एन्ट्रीच्या, म्हणजे एकच एन्ट्री वर दोनदा बसल्याच्या, तक्रारी येत होत्या. त्याची चूक मी अजिबात म्हणणार नाही. डायरेक्ट क्लाउड आम्ही सुरुवातीलाच करून बघितलेलं आणि पहिल्याच पावसाळ्यात सोडलेलं, पण ते फक्त माझ्या डोक्यात, लिहिलेलं कुठंच नाही.

सचिवांनी वहीत लिहून घेतलं, आम्ही जुनं व्हर्जन परत टाकलं आणि दुपारी दोघं बसलो, आता असे निर्णय लिहायचेच, पण कुठल्या टेम्प्लेटमध्ये, सॉफ्टवेअरवाल्यांनी निर्णय लिहायचे तयार नमुने बरेच केलेत? मी म्हणलं नुसती टेम्प्लेटं बघण्यात अर्थ नाही, हाच निर्णय प्रत्येकात लिहून बघू. आधी टायरी आणि अकरमन यांचं २००५ चं घेतलं, गृहीतकं, मर्यादा, संबंधित गरजा, रकाने संपतच नाहीत, निम्म्यातच सोडलं. मग मायकेल नायगार्डचं २०११ चं, शीर्षक, स्टेटस, संदर्भ, निर्णय, परिणाम, बास. अर्ध्या तासात झालं, वाचायला पण सरळ. पोरगं वाचून म्हणलं, "दादा, पटतंय सगळं, पण डायरेक्ट क्लाउड का सोडलं ते यात कुठंय? हे वाचून पण मी तेच केलं असतं."

खरं होतं त्याचं. संदर्भात ते घालता येतं, पण वेगळा रकाना नसला की घाईत राहतंच, माझंच राहिलं की. म्हणून मॅडर (MADR) नावाचं टेम्प्लेट घेतलं, त्याचं छोटं रूप, अडचण काय, विचारात घेतलेले पर्याय कुठले, ठरलं काय आणि का. साधी मार्कडाऊन फाईल, म्हणजे साधा मजकूर, कोड जिथं ठेवतो त्याच रिपोत. नायगार्डचा एक नियम मात्र ठेवला, निर्णय बदलला तर जुनी फाईल पुसायची नाही, नवीन नंबर घ्यायचा आणि जुनीच्या स्टेटसमध्ये तो लिहायचा.

०००१ मी लिहिली, आधी केंद्रावर सेव्ह आणि मग क्लाउड, हाच निर्णय. ०००२ त्यानं, डबल एन्ट्रीवर, की प्रत्येक एन्ट्रीला केंद्रावरच युनिक आयडी द्यायचा म्हणजे परत पाठवली तरी वर एकदाच बसेल. खाली सोडलेला पर्याय म्हणून डायरेक्ट क्लाउड, आणि कारणात त्या सकाळची तारीख.